‘ओफिओलाइट’ला सर्पशिला म्हणावे का?

प्रश्न असा आहे: लडाखच्या डोंगरांवर मराठीत लिहिताना ‘ओफिओलाइट’साठी (म्हणजे जमिनीवर चढून बसलेल्या सागरतळाच्या खडकांसाठी) ‘सर्पशिला’ वापरता येईल का? आणि ‘ओफिओलाइट’ व ‘सूचर झोन’ (दोन खंड भिडले तो पट्टा) हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? दोन्हींना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिले ‘नाही’ म्हणताना मात्र थोडे जड जाते, कारण शब्द सुंदर आहे आणि व्युत्पत्तीला अगदी धरून आहे.

ग्रीक ‘ओफिस’ म्हणजे साप, ‘लिथोस’ म्हणजे दगड. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आलेक्सांद्र ब्रोंन्यार याने १८१३ मध्ये हे नाव वापरले ते हिरव्या, ठिपकेदार, सापाच्या कातडीसारख्या दिसणाऱ्या खडकासाठी. त्यातले मुख्य खनिज सर्पेंटाइन. ‘सर्पेंटाइन’ हे नाव लॅटिनमधून आले असले तरी आपल्याला परके नाही. ‘सर्प’ आणि ‘सरपटणे’ याच कुळातले आहेत. (आयुर्वेदिक दुकानात ‘जहरमोहरा’ म्हणून मिळणारा हिरवट दगडही बहुधा सर्पेंटाइनच असतो. साप आणि विष यांनी या दगडाचा पिच्छा कुठेच सोडलेला नाही.) प्रावरणातल्या (पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातल्या) पेरिडोटाइट खडकात पाणी शिरले की त्यातल्या ऑलिव्हीन या खनिजाचे सर्पेंटाइन होते, असे आज आपण जाणतो.

तर ब्रोंन्यारच्या काळात ‘सर्पशिला’ चपखल बसला असता. पण पुढे शब्दाचा अर्थच बदलला. आल्प्स आणि भूमध्य समुद्राच्या परिसरात सर्पेंटिनाइट (सर्पेंटाइनचा खडक), लाव्हाचे उशांसारखे गोळे आणि रेडिओलेरिया या सूक्ष्म समुद्री जीवांच्या सांगाड्यांचा चर्ट हा कठीण खडक, हे तिघे पुन्हा पुन्हा शेजारी सापडतात, हे जर्मन भूवैज्ञानिक गुस्ताव्ह श्टाइनमान याने १९२७ मध्ये ठासून मांडले. ते एकत्र का, याचे पटणारे उत्तर मिळायला सागरतळ पसरतो ही कल्पना रुजावी लागली. मग भूवैज्ञानिकांच्या १९७२ च्या पेनरोज परिषदेत व्याख्या ठरली, आणि तेव्हापासून ‘ओफिओलाइट’ हे एका खडकाचे नाव राहिलेच नाही. ते एका क्रमाचे नाव झाले: तळाशी प्रावरणातला पेरिडोटाइट, त्यावर गॅब्रो (खोलवर सावकाश थिजलेल्या शिलारसाचा खडक), त्यावर एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या भित्ती (भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या पट्ट्या, इंग्रजीत ‘डाइक’), त्यावर उशी-लाव्हा; आणि या सगळ्यावर बहुतेकदा खोल समुद्रातला गाळ.

यात सर्वांत बोलक्या त्या भित्ती. सायप्रसच्या त्रोओदोस डोंगरात भित्तीला लागून भित्ती, मध्ये दुसरा खडक जवळजवळ नाहीच, असा पट्टा दिसतो. भेग पडली, शिलारस भरला, थिजला. पुन्हा त्याच जागी ताण आला, पुन्हा भेग. जमीन सतत दोन बाजूंना ओढली जात असल्याशिवाय असे घडत नाही. म्हणून हा महासागराच्या तळाचा तुकडा आहे असे म्हणायला बळ मिळाले.

‘सर्पशिला’ म्हटले की या क्रमातला एकच खडक डोळ्यांपुढे येतो आणि बाकीचा क्रम गळतो. तेव्हा सर्पेंटिनाइटसाठी ‘सर्पशिला’ खुशाल वापरा, ओफिओलाइटला ओफिओलाइटच राहू द्या.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी एक खबरदारी. क्रमात बेसाल्ट आहे म्हणून सह्याद्री आठवेल, पण दख्खनचा बेसाल्ट खंडाच्या पाठीवर ओतला गेलेला आहे. मुंबई परिसरात उशी-लाव्हाही आढळतो. त्यावरून लाव्हा पाण्यात ओतला गेला एवढेच कळते. खाली गॅब्रो, भित्तींचा पट्टा, पेरिडोटाइट असा संसार नसेल तर तो ओफिओलाइट नव्हे.

आता ‘सूचर’. दोन खंड भिडले आणि मधला महासागर मिटला, ती रेघ किंवा तो पट्टा. यासाठी ‘संधी’ मला नको वाटतो: सामान्य वाचक ‘सुसंधी’ समजेल, आणि भूविज्ञानाच्या लेखनात तो खडकातल्या भेगांसाठीही येतो. ‘शिवण’ बरा, ‘झोन’सकट म्हणायचे तर ‘शिवणपट्टा’. (याच नावाचे झाड आहे, पण लडाखच्या लेखात त्याचा घोटाळा होणार नाही.) एडुआर्ड झ्यूस याने १८९३ मध्ये ज्याला टेथिस नाव दिले तो महासागर मिटून सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि आशिया भिडले, त्याची खूण म्हणजे सिंधू-त्सांगपो शिवणपट्टा.

या पट्ट्यात ओफिओलाइट सापडतात, उदाहरणार्थ लडाखमधल्या त्सो मोरीरी सरोवराच्या बाजूचा निदारचा ओफिओलाइट. गल्लत होते ती इथेच, कारण लडाखमधलाच स्पोंगतांगचा ओफिओलाइट शिवणीच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर, झांस्करच्या गाळाच्या खडकांवर चढून बसला आहे. पायथ्याशी भारताच्या जुन्या किनाऱ्याचे थर आणि डोक्यावर महासागराचा तळ! तिथे शिवण आहे असे लिहिले तर नकाशाच चुकेल.

ओमानचे उदाहरण त्याहून स्पष्ट आहे. मस्कतला नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी शहराभोवतीचे काळपट, उघडेबोडके डोंगर पाहिले असतील. ते सुमारे ९.५ कोटी वर्षांपूर्वी तयार झालेल्या सेमाइल ओफिओलाइटचे. सागरतळ अरबस्तानच्या कडेवर चढला खरा, पण पलीकडचा समुद्र अजून मिटलेला नाही. ओमानच्या आखाताचा तळ आजही इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याखाली सरकतो आहे. म्हणजे ओफिओलाइट आहे, शिवण नाही.

‘प्राचीन महासागराचा तळ’ हे स्पष्टीकरणही जरा जपून वापरावे. जुना, थंड, जड तळ सहसा खाली जातो आणि नाहीसा होतो. वर चढून टिकलेल्या कितीतरी ओफिओलाइटांची रासायनिक घडण सांगते की ते एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात असताना, वरच्या भूपट्टावर नव्याने जन्मलेले आहेत. त्रोओदोसबद्दल ही शंका मियाशिरो या जपानी शास्त्रज्ञाने १९७३ मध्येच काढली होती आणि तेव्हा बरीच खडाजंगी झाली.

लेखात वाक्य असे करता येईल: ‘सिंधू शिवणपट्ट्यात आणि त्याच्या दक्षिणेलाही ओफिओलाइटचे तुकडे आढळतात, त्यांतील सर्पशिला हिरवट रंगामुळे दुरूनही ओळखू येते.’