मित्र जिवलग, पण डाव संपला की नकोसा

‘ताई, कॉलेजपासूनच्या मित्राच्या आग्रहाखातर मी ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ हा शीतयुद्धावरचा बोर्डगेम शिकलो. तो नेहमी सोव्हिएत, मी अमेरिका. आजवर एकदाही जिंकलेलो नाही. डाव संपला की माझ्या चुकांचा पाढा सुरू होतो. परवा डेफकॉन (अणुयुद्ध किती जवळ आलंय ते दाखवणारी पट्टी, 1 म्हणजे युद्धच) 2 वर असताना मी 1 ऑप्सचा (ऑप्स म्हणजे पत्त्यावरचे चालीचे गुण) एक पत्ता टाकला. माझ्या हातातले पत्ते त्याला दाखवावे लागले, त्याने अंगोलात कू (सत्तापालटाची चाल) केला आणि पाचव्याच टर्नमध्ये (फेरीत) अणुयुद्ध होऊन मी हरलो. तो पोट धरून हसला. तेव्हापासून त्याचे फोन टाळतोय. खेळ सोडला तर मैत्री तुटेल का?’
— हिरमुसलेला

तुम्हाला तो पत्ता फार लागलाय, म्हणून आधी त्याच्याबद्दलच बोलते. तो ‘लोन गनमन’. या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचा पत्ता तुम्ही ऑप्ससाठी खेळलात तरी त्यावरची घटना घडतेच. या घटनेने सोव्हिएतला तुमच्या चालीत एक फुकटची चाल मिळते. अंगोलासारख्या ‘बॅटलग्राउंड’, म्हणजे मोक्याच्या देशात कू झाला की डेफकॉन एक घर उतरतो. 1 वर पोचला की ज्याची चाल सुरू असेल तो हरतो, कू कुणीही केलेला असो. असा पत्ता एरवी स्पेस रेसमध्ये, म्हणजे पटावरच्या अंतराळ स्पर्धेत, घटना न घडवता ढकलून मोकळं होता येतं, पण तिथे निदान 2 ऑप्स लागतात. म्हणजे हा हातात धरून ठेवायचा. टर्नच्या शेवटी एक पत्ता उरतोच, तो हा.

हे अक्कल लावून कळत नाही, पत्ते पाठ असावे लागतात. डिलक्स आवृत्तीत ते 110 आहेत. तुमच्या मित्राला ते माहीत आहेत, तुम्हाला अजून नाहीत. फरक एवढाच आहे, आणि तुम्ही स्वतःला मठ्ठ समजू लागला आहात याचं मला फार वाईट वाटतं.

हरणं तुम्ही इतके दिवस सहन केलंत. फोन टाळायला लागलात ते त्याच्या हसण्यानंतर. दोघांच्याच खेळात राग वाटून घ्यायला तिसरा कुणी नसतो. तीन तास समोर एकच माणूस, आणि त्याची प्रत्येक चाल आपल्याच विरुद्ध. अशा वेळी शेवटचं हसू जिव्हारी लागणारच. त्याला मात्र याची कल्पनाही नसेल असं मला वाटतं. खेळाचं वेड असलेली माणसं डाव संपल्यावर चुका सांगतात ते बहुतेकदा प्रेमानेच. समोरचा थकलाय, हे त्यांना दिसत नाही.

म्हणून सांगा. पटावर नको, हरल्याहरल्या तर नकोच. एरवी भेटा आणि सरळ म्हणा, ‘तू हसलास ते मला लागलं. मला तुझ्याबरोबर खेळायचंय, पण डावानंतरची शिकवणी नको. मी विचारलं तरच सांग.’ जुन्या मित्राशी एवढं बोलता आलंच पाहिजे. फोन टाळत राहिलात तर तो भलतंच कारण शोधत बसेल.

मग दोन गोष्टी मागून घ्या. एक डाव दोघांचेही पत्ते उघडे ठेवून खेळा. कुठला पत्ता कधी घातक ठरतो, हे दहा पराभवांपेक्षा त्यात लवकर कळेल. आणि बाजू बदला. सुरुवातीचे टर्न सोव्हिएतला अनुकूल असतात, अमेरिकेचा जोर उत्तरार्धात वाढतो. नवख्याने दर वेळी अमेरिका घ्यायची म्हणजे जोर यायच्या आतच डाव हातचा जायचा. सोव्हिएत घेऊन पहिल्याच चालीत कू करून डेफकॉन एक घर खाली आणून पाहा, मित्र रोज काय करतो ते आतून समजेल. अमेरिकेला सुरुवातीला थोडा जादा इन्फ्लुअन्स (देशांवरचा प्रभाव) देण्याची पद्धतही आहे, सरावलेले खेळाडूसुद्धा ती वापरतात. तुमच्या बाबतीत मात्र मी ती आत्ता सुचवणार नाही. मन दुखावलेलं असताना मिळालेली सवलत उपकारासारखी वाटते.

एवढं बोलूनही त्याने चेष्टाच केली, तर हा खेळ त्याच्याबरोबर खुशाल बंद करा. तसं त्याला स्पष्ट सांगा, आणि त्याच दमात पुढच्या भेटीचा वार ठरवा, म्हणजे नकार खेळाला आहे, त्याला नाही, हे त्याला कळेल. खिलाडूवृत्तीचं म्हणाल तर सतत हरूनही तुम्ही पुन्हा पुन्हा पटावर बसलात. ती तुमच्यात नाही असं म्हणायची कुणाची टाप नाही.

आज फोन आला तर उचला.