रस्ता कोणाचा, नाली कोणाची?

नागपूरकरांच्या यावेळच्या पत्रांत अर्ध्याहून जास्त पत्रं रोड, गट्टू (पेव्हर ब्लॉक), चेंबर आणि खड्डे यांचीच निघाली, त्यामुळे सोसायटी आणि गृहकर्जवाल्या वाचकांनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरावा, आज सगळी जागा बांधकामाला. पत्रं कापून छोटी केली आहेत, भाषा मात्र तुमचीच ठेवली.

प्रश्न : काका, आमच्या गल्लीत सिमेंटचा रोड झाला, दिसायला एक नंबर, पण आता रोड आमच्या पोर्चपेक्षा वर आला आणि पाऊस आला का सगळं पाणी गेटातून आत येऊन राहिलं. रोडवाल्या साहेबांना विचारलं तर म्हणे घर उंच करून घ्या. आता घर कसं उंच करू बाप्पा?
– एक गृहिणी, मानेवाडा

उत्तर : ताई, जॅक लावून अख्खं घर उचलून देणारे मिळतात आजकाल, पण तो खर्च तुम्ही काहून करायचा? रोड वर आला त्यात तुमचा काय दोष.

हे होतं कसं ते आधी सांगतो. सिमेंटचा रोड म्हणजे नुसता वर दिसतो तो स्लॅब नाही, खाली मुरूम-गिट्टीचा थर, त्याच्यावर कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट, आणि मग वीसेक सेंटीमीटरचा किंवा त्याहून जाड स्लॅब. हे सगळं जुन्या डांबरावरच चढवलं तर रोड फूटभर वर येणारच, त्यात नवल काही नाही. बरोबर पद्धत अशी की जुना रोड खरडून, जेवढी जाडी घालायची तेवढं खोल खोदून मग काम सुरू करायचं. पण खोदायला गेलं की पाण्याची लाइन निघते, गडरची (सांडपाण्याची) निघते, केबल निघते, त्या हलवायच्या तर दुसऱ्या खात्याला पत्र लिहा, पैसे भरा, वाट पाहा, आणि इकडे कामाची मुदत संपून राहिली, मग चला वरूनच घ्या. माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडे रोडचं काम रोडपासून सुरू होतं हीच गडबड आहे, ते नालीपासून सुरू व्हायला पाहिजे.

आता झालेल्या रोडचं काय करायचं? पुढचा जोरदार पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन पाच मिनिटं गेटाशी उभ्या राहा आणि पाणी कुठून कुठे जातं ते नुसतं बघा. रोडच्या कडेला पावसाळी नाली असेल तर तिच्या तोंडावर लोखंडी जाळी असते, बऱ्याच ठिकाणी ही जाळी रोडच्या कडेपेक्षा बोटभर वर बसवलेली असते, किंवा काम चालू असताना सिमेंटचं पाणी जाऊन आतून घट्ट झालेली असते. पाणी जाळीच्या बाजूने निघून जातं आणि आत शिरत नाही. असं असेल तर दुरुस्ती फार मोठी नाही, जाळी खाली घेणे किंवा तुमच्या घरासमोर एक जास्तीचं तोंड पाडून देणे. व्हिडिओ काढा आणि महापालिकेच्या झोन ऑफिसला लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. फोनवर सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही.

आणि राग येऊ देऊ नका पण हेही बघा, गल्लीतल्या किती घरांनी गाडी चढवायचा रॅम्प थेट नालीवर टाकलाय? एका घराचा रॅम्प म्हणजे वरच्या दहा घरांचं पाणी अडलं. गच्चीचा पाइपही पुष्कळ जण गडरच्या चेंबरमध्ये सोडतात, तो चेंबर तेवढ्या पाण्यासाठी बांधलेला नसतो, मग झाकण उडून घाण पाणी रोडवर. तो पाइप आधी काढा, जमलं तर बोअर किंवा विहिरीजवळ शोषखड्ड्यात सोडा.

ज्यांच्या गल्लीत काम अजून व्हायचं आहे त्यांनी एक करा. ठेकेदाराची माणसं मापं घ्यायला येतात तेव्हा त्यांना विचारा, तयार रोड कुठपर्यंत येणार, आणि तेवढ्या उंचीवर स्वतःच्या कंपाउंडच्या भिंतीवर पेंटनं आडवी रेघ मारून घ्या, त्यांच्यासमोरच. रेघ पोर्चच्या वर गेली तर त्याच दिवशी चार शेजारी मिळून अर्ज. काँक्रीट ओतल्यावर कोणी ऐकत नसतं.

प्रश्न : आमच्याकडच्या सिमेंट रोडला वर्षाच्या आतच भेगा पडल्या. सिमेंट रोड वीस-तीस वर्षं टिकतो म्हणतात ना? का माल खाल्ला?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : भेग कुठे आहे त्यावर आहे भाऊ. स्लॅबला दर चार-साडेचार मीटरवर आडवा सरळ काप दिसेल, तो मशीननं मुद्दाम मारलेला असतो, काँक्रीट वाळताना आकसतं आणि तडा जाणारच असतो तर तो आपण सांगू त्या रेषेत जावा म्हणून. त्या कापात काळं सीलंट भरायचं असतं. ते निघून गेलं असेल तर भरून घ्यावं लागतं, नाहीतर पाणी खाली मुरतं. पण हा काप ओतल्यापासून साधारण दिवसभराच्या आत मारावा लागतो, उशीर झाला तर काँक्रीट वाट पाहत नाही, स्वतःच कुठूनही फाटतं, तीच ती वेडीवाकडी भेग.

दुसरी गोष्ट नागपूरचा उन्हाळा. पावसाळ्याच्या आधी काम संपवायचं म्हणून मे महिन्यात ४५ डिग्रीत भर दुपारी काँक्रीट ओततात, वरचं पाणी अर्ध्या तासात उडून जातं आणि पृष्ठभागावर कोंबडीच्या पायासारख्या बारीक चिरा उमटतात. त्याला उपाय आहे, संध्याकाळी ओता, लगेच ओली पोती टाका, नंतर आळी करून दोन आठवडे पाणी साचवून ठेवा. तुमच्या गल्लीत पोती टाकली होती का आणि ती ओली होती का, हे तुमच्याशिवाय दुसरं कोणी पाहिलेलं नसतं! आमच्याकडे तर पोती दोन दिवस ओली आणि मग आठवडाभर नुसती शोभेला.

बारीक वरवरच्या चिरा असतील तर झोप घालवू नका. आरपार गेलेली भेग, ज्यात नाणं उभं राहतं आणि ट्रक गेला की स्लॅब हलतो, ती मात्र गंभीर. प्रत्येक कामाच्या करारात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, त्या काळात दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या पैशानं करायची असते, त्याची अनामत त्यासाठीच ठेवून घेतलेली असते. तो कालावधी किती ते माहितीच्या अधिकारात मागा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागताना "रस्त्याची सर्व माहिती द्या" असं मोघम लिहू नका, कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, दोष दायित्व कालावधीची तारीख आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत असं नाव घेऊन मागा. मोजमाप पुस्तिका, म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात, तिच्यात किती जाडी ओतली हे लिहिलेलं असतं आणि बिल त्याच्यावरच निघतं.

प्रश्न : भर पावसात खड्ड्यात मुरूम आणि गट्टू टाकून जातात, चार दिवसांत सगळं बाहेर. हे लोकांना येडं बनवणं नाही का?
– एक ऑटोचालक, सक्करदरा

उत्तर : थोडं आहे, थोडं नाही. गरम डांबराचा माल प्लांटमधून दीडशे डिग्रीच्या आसपास निघतो आणि गरम असेपर्यंतच त्याच्यावर रोलर फिरवावा लागतो, ओल्या खड्ड्यात तो पडला की गार होतो आणि गिट्टीला डांबर धरत नाही. पावसात हॉटमिक्स टाकत नाहीत ते खरंच तांत्रिक कारणानं. म्हणून तात्पुरतं गट्टू, मुरूम, गिट्टी किंवा कोल्डमिक्स, म्हणजे गरम न करता टाकायचा डांबराचा माल. माझी तक्रार तात्पुरत्याबद्दल नाही, पाऊस उघडल्यावर तेच कायम समजून सोडून देतात त्याच्याबद्दल आहे.

खड्डा नीट बुजवला का ते पाहायला इंजिनियर लागत नाही. आधी खड्ड्याच्या कडा चौकोनी कापल्या पाहिजेत, आतली माती-पाणी काढलं पाहिजे, मग तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात, मग माल थराथरानं आणि शेवटी रोलर. नुसता टोपल्यानं माल ओतून फावड्यानं थापला आणि ट्रक वरून गेला की झालं, असं दिसलं तर तो खड्डा पुढच्या पावसात त्याच जागी भेटेल. आणि दरवर्षी त्याच जागी खड्डा पडत असेल तर तो खड्ड्याचा आजारच नाही, आजूबाजूला कुठे तरी पाणी साचतं किंवा खालची लाइन गळते. त्यात शहराच्या बऱ्याच भागात खाली काळी माती, ती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, वरचं डांबर बिचारं काय करणार.

प्रश्न : नवा डांबर रोड झाला आणि दोन महिन्यांत पाइपसाठी खोदला. आधी का नाही टाकत?
– एक शिक्षिका, नंदनवन

उत्तर : हा प्रश्न विचारला नाही असा माणूस नागपुरात मिळणार नाही. खोदणाऱ्याला रोडच्या मालकाकडून परवानगी घ्यावी लागते आणि रोड पूर्ववत करायचे पैसे आधी भरावे लागतात. म्हणजे कागदावर सगळं नियमात बसतं, फक्त पाइपवाल्यांचं वेळापत्रक आणि रोडवाल्यांचं वेळापत्रक एका टेबलावर कधी येत नाही. चर भरताना माती थराथरानं दाबायची असते, ते न करता सगळी एकदम ढकलली की पहिल्याच पावसात ती बसते आणि रोडवर लांबलचक नाली तयार होते, स्कूटीचं चाक बरोबर त्यातच जातं. चर भरून चालले असतील तेव्हा फोटो काढून ठेवा, नंतर काही दिसत नाही.

प्रश्न : हुडकेश्वरकडे आमचा लेआऊट. रोड नाही, नाली नाही. इकडे गेलो तर म्हणतात तिकडे जा, तिकडे गेलो तर म्हणतात इकडे या. डिमांड (विकास शुल्क) भरली, आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, पण आहे. आमचा बाप कोण?
– लेआऊटमधले काही रहिवासी

उत्तर : दादा, या शहरात रस्त्याला मालक बरेच आहेत. मनपा (महापालिका) आहे, तिचे दहा झोन, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) १९३६ च्या कायद्यापासून आहे, शहराबाहेर एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), मोठे रस्ते पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं) किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, वरून महामेट्रो. गड्डीगोदामला जाऊन उभे राहा, खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर कामठी रोडचा उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, एकाच जागी चार मजले. पूल २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी सेल्फी काढले, पण तिथे दिवा बंद पडला तर कोणाला फोन करायचा हे सेल्फीत दिसत नाही.

तुमच्या केसमध्ये सगळ्यात आधी डिमांड नोट बाहेर काढा. पैसे कोणाच्या नावानं भरले? विकास शुल्क ज्यानं घेतलं, त्याच्याकडेच रोड-नालीचा पहिला हक्क मागायचा. १९०० लेआऊट आणि ५७२ लेआऊट, म्हणजे नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत लेआऊटचे गट, ही नावं तुम्हाला माहीत असतीलच, त्यात नियमित झालेल्या हजारो प्लॉटधारकांचा हाच घोळ आहे, पैसे एकाकडे भरले आणि भाग नंतर दुसऱ्याकडे गेला. म्हणून अर्ज दोघांनाही द्या, पण एकच मजकूर आणि एकमेकांना प्रत. "हा रस्ता आपल्या ताब्यात आहे का, असल्यास हस्तांतरणाच्या आदेशाची प्रत द्यावी, नसल्यास तसे लेखी कळवावे" एवढंच विचारा. तोंडी "आमचं नाही" म्हणणं सोपं असतं, सहीनिशी लिहून देताना पेन थांबतो. मंजूर नकाशात रस्त्याची रुंदी दाखवलेली असते, तेवढी जागा प्रत्यक्षात मोकळी आहे का तेही आपसात बघून घ्या, कोपऱ्यावरच्या प्लॉटवाल्याची भिंत दोन फूट पुढे आलेली असते आणि मग ठेकेदाराला काम न करायचं आयतं कारण मिळतं.

प्रश्न : खड्ड्यात गाडी जाऊन भावाचा हात मोडला. भरपाई मिळते का?
– एक वाचक, जरीपटका

उत्तर : मिळू शकते. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला, खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. मनपा हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे ठरवते, आणि दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे आहेत. पण दवाखान्याच्या पहिल्या कागदावर "खड्ड्यात गाडी घसरून" असं लिहिलेलं पाहिजे, नुसतं "पडल्यामुळे" लिहून घेतलं तर पुढे भांडत बसावं लागतं. पोलिसांत नोंद करा, आणि खड्ड्याचा फोटो बाजूचं दुकान किंवा खांबाचा नंबर दिसेल असा घ्या, तोही लगेच, कारण अशा वेळी खड्डा मात्र रातोरात बुजतो.

प्रश्न : दर उन्हाळ्यात नदी-नाले साफ केल्याचे फोटो येतात. मग २०२३ ला काय झालं?
– एक ज्येष्ठ नागरिक, अंबाझरी लेआऊट

उत्तर : २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीपासून २३ च्या पहाटेपर्यंत काही तासांतच १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, १८७० सालचा अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि ते सगळं पाणी नाग नदीच्या पात्रात आलं. पात्र अरुंद, त्यात जागोजागी बांधकामं, मग पाण्यानं भिंती पाडून घरांतून रस्ता काढला. हे नुसत्या गाळानं झालेलं नाही. तरी नाग, पिवळी, पोहरा यांची सफाई पाहिजेच, फक्त काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवला तर पहिल्या पावसात परत आत जातो. तुमच्याकडे गाळ उचलून नेतात का तेवढं बघत राहा आणि ढीग आठवडाभर तसाच दिसला तर झोनला लेखी द्या, जूनच्या आधी.

प्रश्न : इंदोरा-दिघोरी पुलाच्या कामामुळे खालचा रोड चाळणी झाला, तो कोण दुरुस्त करणार?
– एक दुकानदार

उत्तर : पुलाचं काम महामार्ग प्राधिकरणाचं आहे. काम चालू असेपर्यंत वाहतुकीला सोडलेला रस्ता चालण्याजोगा ठेवणं ही अशा करारांत सहसा पुलाच्या ठेकेदाराचीच जबाबदारी असते. अर्ज प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाला करा, प्रत मनपाला आणि वाहतूक पोलिसांना, आणि जवळच्या पिलरचा नंबर नक्की टाका.