60चं इंजिन घेण्याआधी आहे त्या 40ला मोकळं करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवबागला 17 फुटी जुनी फायबर बोट घेतली आहे. मागे 40 अश्वशक्तीचं दोन-स्ट्रोक इंजिन, 13 इंच पिचचा पंखा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जेवढा पुढे सरकेल ते अंतर). पूर्ण थ्रॉटलला मिनिटाचे फेरे 4,300च्या वर जात नाहीत, जीपीएसवर वेग 18 नॉट (ताशी सागरी मैल), वेग घेतला की बोटीचं तोंड सतत वरखाली आपटतं आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढतं. तर 60चं इंजिन बसवावं का?

माझं मत: आत्ता अजिबात नको. तुमचा 4,300 हाच आकडा सांगतोय की आहे त्या इंजिनाची ताकदसुद्धा तुम्हाला पूर्ण मिळत नाही. या वर्गातल्या जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांना पूर्ण थ्रॉटलला बहुतेक 4,500 ते 5,500 फेरे लागतात (तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या). त्याखाली रेटत राहिलात तर चढावर टॉप गिअरमध्ये गाडी दामटल्यासारखं होतं: पेट्रोल जास्त जातं, कार्बन धरतो आणि पिस्टन तापतो.

सुरुवात फुकटच्या गोष्टीपासून करा. इंजिन बंद ठेवून वरचं झाकण काढा, दुसऱ्याला लिव्हर पूर्ण पुढे करायला सांगा आणि कार्बोरेटरच्या झडपा खरोखर पूर्ण उघडतात का ते डोळ्यांनी बघा. जुनी केबल ताणलेली असते, लिव्हर शेवटपर्यंत जाते पण झडप अर्धवटच उघडते. मग सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासा. आकडे एकमेकांपासून दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असले तर चिंता नाही. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र बदलूनच टाका. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्या आतून खातं, शिवाय हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल तर वापरूच नका.

आता खरा संशय: वजन. जुन्या फायबर बोटींच्या फळ्यांखाली भरलेला फोम वर्षानुवर्षं पाणी पितो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या, मग रिकामा ट्रेलर तोला आणि वजाबाकी करा. मूळ वजनापेक्षा शंभरेक किलो जास्त निघालं तर पंखा, पिच, इंजिन या सगळ्या गोष्टी नंतरच्या. आधी फळी उघडून ओला फोम काढायला हवा. त्याच दिवशी ट्रान्सम, म्हणजे इंजिन अडकवलेली मागची फळी, बघून घ्या. इंजिन अर्धवट वर उचलून त्याच्या पायावर, म्हणजे पंख्याकडच्या खालच्या भागावर, जोर द्या. फळी हलली, किंवा हातोडीने हलकं ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आतलं लाकूड कुजलंय. अशा फळीवर 60चं वजन टांगणं हा जिवाशी खेळ आहे. नवं चार-स्ट्रोक 40सुद्धा तुमच्या जुन्या इंजिनापेक्षा वीस-तीस किलो जड असतं, हेही ध्यानात ठेवा.

तोंड आपटतं त्याचं कारण बहुधा मागचा भार आणि इंजिनाचा कोन. टिल्ट पिन (इंजिनाचा कोन ठरवणारी खीळ) एक भोक आत घ्या, म्हणजे पंखा ट्रान्समकडे येईल आणि तोंड खाली बसेल. टाकी आणि बॅटरी मागे असेल तर पुढे सरकवा. एवढ्याने थांबलं नाही तर बोट वर काढून तळाखाली, ट्रान्समपासून पुढे, दीडेक मीटरची सरळ पट्टी लावा. तळ बाहेर फुगला असेल तर तोंड नाचतं. आत दबला असेल तर उलट तोंड पाण्यात घुसतं. चुकीच्या जागी आधार दिलेल्या ट्रेलरवर बोट वर्षानुवर्षं पडून राहिली की असं होतं. तळ दबलेला असेल तर रेझिन आणि फायबर मॅटने भरून सरळ करता येतो.

इंजिनाची उंची हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित विषय. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर हवी. खूप खाली असेल तर इंजिनाचा पाय नुसता पाणी ओढत राहतो. ट्रान्समवर लाकडाची पट्टी ठेवून अर्ध्या-अर्ध्या इंचाने वर चढवा आणि दर वेळी पाण्यात चालवून बघा. वळणावर इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि वेग पडला, तर पंखा हवा धरतोय. अर्धा इंच खाली या. थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट येतेय ना, ते प्रत्येक वेळी बघायचं.

मग पंखा. गिअर दोनास एक (इंजिनाचे दोन फेरे, पंख्याचा एक) धरला तर 13 पिचने 4,300 फेऱ्यांना हिशेबाने 23 नॉट यायला हवेत (पिच गुणिले फेरे, भागिले गिअर, भागिले 1,215). तुम्हाला 18 मिळतात, म्हणजे 22 टक्के घसरण (हिशेबाच्या वेगातला जो भाग पंखा पाण्यात घसरल्याने वाया जातो तो). चांगल्या अवस्थेतल्या हलक्या बोटीत ती दहा ते वीसच्या दरम्यान असते. वजन आणि उंची सुधारल्यावरही फेरे कमी राहिले तरच 11 पिचचा पंखा घ्या; एक इंच पिच कमी केलं की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. कर्ली खाडीच्या वाळूवर घासून पाती चेपली असतील तर आधी ती सरळ करून घ्या.

उजवीकडच्या ओढीला पंख्याच्या वरच्या त्या आडव्या पट्टीखाली छोटा पंखवजा तुकडा असतो. बोल्ट सैल करून त्याचं मागचं टोक किंचित उजवीकडे वळवा. त्या आडव्या पट्टीला बोल्टने बसवायचे मोठे प्लास्टिकचे पंख मात्र तूर्त घेऊ नका. ते मूळ दोष झाकतात आणि वेगात अडथळा करतात.

चाचणी घेताना एका वेळी एकच बदल. खाडीत भरती-ओहोटीचा ओढा असतो, म्हणून वेग दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढा, टाकी आणि माणसं तेवढीच ठेवा, लाइफ जॅकेट घाला आणि किल कॉर्ड (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला बांधल्याशिवाय थ्रॉटलला हात लावू नका. काट्यावरचं वजन, त्या आडव्या पट्टीची तळापासूनची उंची आणि नवे फेरे इथे लिहा, मग पिचचं नक्की ठरवू.