मलावीला निघालेल्या तरुण डॉक्टरास

मिरज

प्रिय मुला,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेनंतर तू माझ्या ओसरीवर बसलास आणि खिशातला चार घड्यांचा कागद काढून मला वाचून दाखवलास. त्यात सोनोग्राफीचे छोटे यंत्र होते, शस्त्रक्रियेची हत्यारे होती, मुलांच्या लशींच्या नोंदी होत्या, वर्गणीचा हिशेब होता. सर्वांत खाली, जागा उरली म्हणून लिहावे तसे, ‘भाषा, जमल्यास’ असे लिहिले होते. त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली, म्हणून हे पत्र.

तुझा पेच मला समजला. पाठवणारी संस्था पहिले सहा महिने भाषा शिकण्यासाठी द्यायला तयार आहे. तिकडचे रुग्णालय म्हणते की आमच्याकडे शल्यविशारद नाही, आल्या आल्या कामाला लागा. आणि आफ्रिकेतल्या त्या मलावी देशाचा कारभार इंग्रजीत चालतो, तेव्हा दुभाष्यावर निभावेल, असे तुलाही वाटू लागले आहे. ‘रुग्ण दारात उभे असताना मी व्याकरणाचे पुस्तक घेऊन कसा बसू, डॉक्टरबाई?’ असे तू विचारलेस. बस, एवढेच माझे उत्तर आहे. लाज वाटली तरी बस. आधी भाषा, मग स्टेथोस्कोप.

पाचारणाविषयी मी काही लिहीत नाही. ते तुझ्या आणि प्रभूच्या मधले आहे. मुलांची शाळा आणि घराचे भाडे या गोष्टी मार्गी लागतात. मच्छरदाण्या चांगल्या घे, आणि मुले कितीही मागे लागली तरी त्यांना मलावी सरोवराच्या काठच्या उथळ पाण्यात उतरू देऊ नकोस, तेथे गोगलगायींमधून बिल्हार्झिया हा कृमींचा रोग होतो. बाकी तुला कळते.

पण भाषेचे तुला कळलेले नाही. तासगाव तालुक्यात काम करताना बायका तुला काय सांगत असत, ते आठवून पाहा. पोटात मुरडा येतो, कळ येते, गोळा उठतो, चमक भरते, ठणका लागतो, चुरचुरते. यांतला प्रत्येक शब्द तुला वेगळ्या जागी नेत असे, आणि तपासायला हात पुढे करण्यापूर्वीच अर्धे निदान झालेले असे. सासूने ‘हिला दिवस गेलेत’ म्हटले किंवा एखादी जुन्या वळणाची बाई ‘कावळा शिवला’ म्हणाली, तर तुला अर्थ विचारावा लागला नाही. हेच शब्द जसेच्या तसे इंग्रजीत नेले, तर त्यांत ना गर्भ उरतो ना पाळी. ही विद्या तुला वैद्यकीय महाविद्यालयाने दिलेली नाही, तुझ्या आईने आणि आजीने दिली आहे, आणि मिरजेच्या बाहेर पडताना तू ती येथेच ठेवून जाणार आहेस.

१९८४ साली आम्ही मलावीला गेलो तेव्हा मी ३६ वर्षांची होते. हाताला कसब होते आणि मनात घाई होती. पोचल्यानंतर तिसऱ्याच दिवशी मी बाह्यरुग्ण विभागात बसले, आणि दुभाष्या म्हणून मला १९ वर्षांचा एक वॉर्डबॉय मिळाला. तेव्हाचे अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा स्वतः डॉक्टर होते, आयुष्यातील कित्येक दशके परदेशात काढून मायदेशी परतले होते, आणि जाहीर भाषणे इंग्रजीत करीत. शेजारी उभा असलेला माणूस ती लोकांना त्यांच्या चिचेवा भाषेत सांगत असे. देशाच्या अध्यक्षांचे असे चालते तर माझे का चालू नये, असे मी स्वतःला समजावले. भाषण ऐकणाऱ्याला उत्तर द्यायचे नसते आणि रुग्णाला द्यायचे असते, हा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

पावसाळ्यात, तिकडच्या फेब्रुवारीत, एक तरुण बाई आईबरोबर चालत आली. नवरा वर्षभर दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीवर होता. आपल्या माण-खटावच्या बायका नवऱ्याला मुंबईच्या गिरणीत पाठवून मागे राहत, तशी ती राहिलेली. मान खाली घालून ती बराच वेळ बोलली, आणि माझ्या दुभाष्या मुलाने मला एका वाक्यात सांगितले, ‘पोट दुखते.’ मी पाळीबद्दल विचारले. त्याने तिला काय विचारले ते मला आजही ठाऊक नाही. उत्तर आले, ‘ठीक आहे.’ मी बाई, ती बाई, आणि आमच्या मध्ये तिच्याच गावचा एक मुलगा उभा होता, ज्याच्यासमोर तिला ते सांगणे शक्यच नव्हते. मी पोट चाचपले, जंताचे औषध दिले आणि तिला व्हरांड्यात बसवून ठेवले. संध्याकाळी ती तेथेच कोसळली. पोट उघडले तेव्हा ते रक्ताने भरले होते. गर्भ नलिकेत राहिला होता आणि नलिका फुटली होती. रक्त देणारा भाऊ पोचण्यापूर्वी ती गेली.

दोन दिवसांनी रजेवरून परतलेल्या एका वयस्क परिचारिकेने तिच्या आईशी बोलून मला सांगितले की ती ‘मिंबा’ म्हणाली होती. चिचेवात मिंबा म्हणजे पोट आणि मिंबा म्हणजे गर्भसुद्धा. आपण पोटुशी म्हणतो, त्याच वाटेने तो शब्द गेलेला आहे. खांदा दुखतो, असेही ती म्हणाली होती. शेतात कुदळ चालवणाऱ्या बाईचा खांदा दुखायचाच, त्यासाठी डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा, असे त्या मुलाला वाटले आणि त्याने ते गाळले. पोटातल्या रक्ताने श्वासपटल डिवचले गेले की खांद्यात दुखते, हे तुला शिकवले आहे आणि मलाही शिकवले होते. त्या मुलाचा काडीइतका दोष नव्हता. निदान तिच्या तोंडात तयार होते आणि मला ते ऐकता येत नव्हते.

त्याच आठवड्यात मी रुग्णालयाच्या प्रमुखांना सांगितले की चार महिने मी जीवावरच्या शस्त्रक्रियांखेरीज काहीही करणार नाही. सकाळी शिक्षकाकडे बसेन आणि दुपारी बायकांबरोबर मका निवडीन. पुष्कळ बोलणी खाल्ली. आम्ही डॉक्टर पाठवला होता, विद्यार्थिनी नव्हे, असे इकडच्या एका मंडळीने पत्रातून कळवले. त्या चार महिन्यांत रांगेतून परत गेलेल्यांपैकी काहींना मी वाचवू शकले असते, हे मला कोणी सांगायला नको. रात्री जाग आली की मी त्यांचाच हिशेब करते. तरीही मी केले ते बरोबर होते. पुढे सात वर्षे त्या बायका माझ्याशी स्वतः बोलल्या. ‘मलुंगो’ हा शब्द लोक मलेरियालाही वापरतात आणि इतर तापालाही, हे उमगल्यावर तो ऐकताच गोळ्या लिहून देणे मी थांबवले, ताप कसा चढला आणि मान वाकते का ते आईलाच विचारू लागले, आणि दोन मुलांचा मेंदूज्वर त्यामुळे वेळेत हाती लागला. मला हट्टी म्हणणारे अजून आहेत. म्हणू देत. तेव्हा मी नमले असते तर ती सात वर्षे मी बहिऱ्या माणसाची डॉक्टरकी केली असती.

मिरजेच्या माणसाला तर हे सांगावेच लागू नये. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये येथील रुग्णालय सुरू झाले आणि १८९७ मध्ये त्यांनी इथल्याच मुलांना वैद्यक शिकवायला आरंभ केला. त्या पिढीच्या मिशनऱ्यांना मराठीचा अभ्यास करून परीक्षा द्यावी लागत असे. आपल्या आज्या-पणज्यांना त्यांनी कळ आणि ठणका यांतला फरक विचारला असेल, तेव्हाच त्या घराण्यांचा दवाखान्यावर विश्वास बसला असेल. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला आणि शिष्यांचे बोलणे प्रत्येकाने आपापल्या मातृभाषेत ऐकले, हे तू मला रविवारी सांगितलेस. खरे आहे. पण ते दान मिळण्याची वाट पाहत बसू नकोस. शब्द वहीत लिही आणि रोज २० पाठ कर.

आणखी एक, आणि हे मी रागाने लिहिते आहे. कागदावर भाषेपुढे तू फक्त स्वतःचे नाव घातलेस. तुझी बायको परिचारिका आहे. प्रसूतिगृहात तुझ्याआधी तिलाच ऐकायचे आहे, आणि बाजारात, शेजारात, मुलांच्या आजारपणातही तिलाच बोलायचे आहे. तू शिकायला जाणार आणि ती घरी मुले सांभाळणार, असे ठरवले असशील तर आत्ताच बदल. मुले तुम्हा दोघांच्या आधी बोलू लागतील. त्यांना दुभाषे करू नकोस. मी केले. पहिल्याच वर्षी, दुसरे कोणी जवळ नव्हते म्हणून, एका आईला तिचे बाळ गेल्याचे मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगितले. त्याने ते नीट, हळू आवाजात सांगितले, आणि त्यानंतर तो पुन्हा कधी रुग्णालयाच्या आवारात आला नाही. आज तो ५० वर्षांचा आहे. आम्ही त्याविषयी कधीच बोललेलो नाही.

माझी त्या वेळची वही मी ट्रंकेतून काढली आहे. २०० पानी आहे, चिचेवा शब्द मी देवनागरीत लिहिले होते, कारण ते उच्चार मला आपल्या अक्षरांत सोपे गेले. पहिल्या पानावर मिंबा आहे, त्याखाली खांद्याचा शब्द, त्याखाली पाळीविषयी बायका आपसांत कसे बोलतात ते. बुधवारी चार वाजता दोघेही या, मुलांना आईकडे ठेवा. वही घरी न्यायला देणार नाही, पाने सुटी झाली आहेत. येथेच बसून उतरवून घ्यायची आहे. तेव्हा येताना दोन कोऱ्या वह्या आणा, एक तिची आणि एक तुझी.

तुझी,
डॉक्टरबाई