वाचायला मजा येईल अशा रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्या सुचवाल का? (दर्जेदार हव्यात, नुसत्या टाइमपास नकोत)

कंसातलं वाचलं आणि राहवलं नाही. पुस्तकांची नावं खाली देतेच, पण आधी तो कंस. पुस्तकांना 'दर्जेदार' आणि 'टाइमपास' अशा दोन रांगांत उभं करणाऱ्या माणसाशी मी शाळेपासून भांडत आले आहे. तो माणूस म्हणजे माझे मामा.

मामांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे भक्त. अस्सल पत्र असेल तर बोला, बखर असेल तर जपून बोला, आणि कादंबरी असेल तर बोलूच नका, ही त्यांची शिस्त. रहस्यकथा त्यांच्या लेखी वेळेची नासाडी. ऐतिहासिक कादंबरी त्याहून वाईट, कारण रहस्यकथा निदान 'मी खोटी आहे' हे कबूल करते. आठवीत असताना मी 'स्वामी' वाचून रडत बसले होते. मामा आले, पुस्तक उलटून पाहिलं आणि म्हणाले, "माधवराव सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले, १७७२ साली. एवढं खरं. तुला रडवणारं वाक्य कुठल्या कागदात आहे ते दाखव." मला दाखवता आलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि पुढचे दोन दिवस ते उघडलं नाही. ते मला अजून लागतं.

मग २०१० साली मामा घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे पडून राहायचं. त्यांचे जाडजूड ग्रंथ उताणं झोपून छातीवर धरवेनात, म्हणून मी रोज संध्याकाळी वाचून दाखवायला जायचे. पहिल्याच दिवशी मी माझ्या मनाचं पुस्तक नेलं: जोसेफीन टे यांचं 'द डॉटर ऑफ टाइम', १९५१ सालचं. यातला नायक, पोलीस इन्स्पेक्टर अॅलन ग्रँट, पाय मोडून रुग्णालयात पडलेला आहे. छताकडे बघून कंटाळला आहे. त्याला चेहऱ्यावरून माणूस ओळखायचा नाद. म्हणून एक मैत्रीण जुन्या चित्रांचा गठ्ठा आणून देते. त्यातला एक चेहरा त्याला न्यायाधीशाचा वाटतो. मागे उलटून पाहतो तर तो इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, दोन कोवळ्या पुतण्यांना लंडनच्या टॉवरमध्ये मारवल्याबद्दल पाचशे वर्षं बदनाम असलेला. ग्रँट अंथरुणातूनच त्या खुनाचा तपास सुरू करतो. पाठलाग नाही, पिस्तूल नाही. एक तरुण अमेरिकन अभ्यासक ग्रंथालयातून टिपणं आणतो आणि ग्रँट प्रश्न विचारतो, बस.

दोन दिवस मामा डोळे मिटून ऐकत होते. झोपलेत असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी थॉमस मूरने लिहिलेल्या रिचर्डच्या चरित्राचा उल्लेख आला. शाळेच्या पुस्तकांपासून नाटकांपर्यंत सगळ्यांनी त्यावरच भिस्त ठेवलेली. मामांनी डोळे न उघडता हात वर केला.

"थांब. मूरचा जन्म कधीचा?"

"१४७८."

"आणि रिचर्ड गादीवर बसला?"

"१४८३. पडला १४८५ ला."

पांघरुणावर त्यांनी बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. "म्हणजे पाच वर्षांचं पोर. याने काय पाहिलं असणार? सगळं ऐकीव. कुणाच्या तोंडून ऐकलं ते बघ."

मूर लहानपणी मॉर्टन नावाच्या बड्या धर्माधिकाऱ्याच्या पदरी वाढला, आणि मॉर्टन रिचर्डचा कट्टर वैरी. मी हे वाचल्यावर मामांनी डोळे उघडले. "मग ही बखर झाली. तीही जिंकणाऱ्या पक्षाची. हिला पत्राचं वजन द्यायचं नाही."

पुस्तक माझं आधी वाचलेलं होतं. ग्रँटही नेमका तिथेच पोचतो, जन्मसाल बघून, त्याच रागाने. मी काही बोलले नाही. त्या संध्याकाळी मामांनी पेन्सिल मागितली. कागद सापडेना, तर एक्स-रेच्या भल्या मोठ्या पाकिटावर उभी रेघ मारून दोन रकाने केले: पोरं मेल्याने रिचर्डचा फायदा काय, आणि पुढे गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीचा फायदा काय. रिचर्डचा हक्क मान्य करणारा संसदेचा ठराव हेन्रीने वाचूही न देता रद्द करवला आणि त्याच्या प्रती नष्ट करायला लावल्या, हे आलं तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं. दिवे मालवायची वेळ झाली तरी "अजून एक प्रकरण" सुरूच.

पुस्तक संपलं. मामा म्हणाले, "ही कादंबरी नाहीच. हा शोधनिबंध आहे, उगाच गोष्टीत बसवलाय."

मी उठून घरी गेले. आवडलं की ते कादंबरी राहत नाही, ही कुठली रीत? ज्या माणसाला चार संध्याकाळी खिळवून ठेवलं, त्याने शेवटी पुस्तकाची जातच बदलून टाकावी! तुमच्या कंसात मला हेच दिसलं. मजा आली की दर्जाबद्दल शंका येते, आणि दर्जा दिसला की ती मजा होती हे कबूल करवत नाही. माझं मत सरळ आहे: पुस्तक खाली ठेववत नाही, हाच त्याचा दर्जा. वाचकाला पानापानाला "हे याला कसं माहीत?" असा प्रश्न पाडायचा, ही कारागिरी आहे, आणि ती फार थोड्यांना जमते.

आता नावं. विल्की कॉलिन्स यांचं 'द मूनस्टोन', १८६८ चं, पण आजही धावतं. सुरुवात १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या पाडावात, मग चोरीला गेलेल्या हिऱ्याची हकीकत एकेक माणूस सांगतो. अट अशी की ज्याने त्याने स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं. त्यामुळे प्रत्येक साक्षीदार खरं बोलतो आणि तरी तुम्ही चकता. अशा पुस्तकाला टाइमपास कोण म्हणेल? अॅगाथा ख्रिस्ती घ्यायची तर 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' (१९२६). कुणी शेवट सांगू लागलं तर तिथून निघून जा. वाचून झाल्यावर पहिलं प्रकरण लगेच पुन्हा वाचा. बाईंनी काहीही लपवलेलं नाही, तुम्हीच वरवर वाचलंत. पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलं होतं. पहिल्याच कादंबरीतलं विष इतकं चोख उतरलं की औषधशास्त्राच्या नियतकालिकाने कौतुक केलं. मामांना हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे साधनं नीट होती." पुन्हा तेच.

खुनी कोण हे आधीच ठाऊक असूनही धाप लागावी असं हवं असेल तर केइगो हिगाशिनो यांचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. जपानी, २००५ चं. एक गणिताचा शिक्षक, एक पदार्थवैज्ञानिक, दोघे जुने मित्र. कोडं तुमच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवलेलं असतं, तरी ते सुटत नाही. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश आहे. १९३२ पासूनचा. त्याला 'डिटेक्टिव्ह' म्हणवून घ्यायला आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणतो. शरदिंदूंनी ऐतिहासिक कथाही तितक्याच ताकदीने लिहिल्या. एका हाताने दोन्ही लिहिणारा माणूस होता, हे मामांनी लक्षात घ्यावं.

दोन्ही एकाच पुस्तकात हवं असेल तर उंबेर्तो एको यांचं 'द नेम ऑफ द रोझ'. १३२७ साल, डोंगरावरचा मठ, सात दिवस, एकामागून एक मृत्यू, आणि सगळ्याच्या मुळाशी एक ग्रंथालय. पहिली शंभर पानं जड आहेत. प्रकाशकाकडच्या मित्रांनी ती कमी करायला सुचवलं होतं, एकोंनी ऐकलं नाही. वाचकाने मठाच्या चालीने चालायला शिकावं असं त्यांना वाटत होतं. टिकून राहा. तेवढा दम नसेल तर एलिस पीटर्स यांच्या ब्रदर कॅडफेलच्या गोष्टी घ्या, बाराव्या शतकातला वनौषधी लावणारा साधू. हलक्या आहेत, आणि हलकं असणं हा दोष नाही.

शुद्ध ऐतिहासिकमध्ये विश्वास पाटील यांचं 'पानिपत' (१९८८). १४ जानेवारी १७६१ ला काय झालं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही यमुनेचा पूर, तुटत चाललेली रसद, फौजेच्या पाठीला बांधलेले बाजारबुणगे आणि यात्रेकरू असं एकेक येत जातं आणि आपण प्रत्येक पानावर "आता तरी वळा" म्हणत राहतो. शेवट माहीत असताना जीव टांगणीला लावणं हे रहस्यकथेपेक्षा अवघड काम आहे. 'स्वामी' वाचाच, रडू आलं तर रडा, कुणाला कागद दाखवायची गरज नाही. इंग्रजीत हिलरी मँटेल यांचं 'वुल्फ हॉल' (२००९), आणि लागलीच पुढचं 'ब्रिंग अप द बॉडीज' (२०१२). दोन्हींना बुकर मिळालं. एक किल्ली देते: वाक्यात नुसतं 'तो' आलं आणि कोण ते कळेना, तर तो बहुतेक वेळा नायकच, म्हणजे आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल. एवढं ध्यानात ठेवलं की पुस्तक उघडतं. आणि 'मृत्युंजय' या यादीत घालू नका. ती पौराणिक कादंबरी आहे. माझी अत्यंत आवडती आहे, पण कर्णाला इतिहासाच्या वर्गात बसवू नये. यावर मामांचं आणि माझं एकमत आहे.

थोडं सबुरीचंही सांगायला हवं. 'द डॉटर ऑफ टाइम' एकतर्फी आहे. टे बाई वकील होऊन रिचर्डची बाजू लढवतात. संशयाची सुई अजूनही रिचर्डकडेच ठेवणारे इतिहासकार पुष्कळ आहेत, तेव्हा कादंबरी वाचून निकाल लावू नका. एडवर्ड आणि रिचर्ड नावाची इतकी माणसं येतात की वंशावळ हाताशी ठेवावी लागते. १९९० साली ब्रिटनमधल्या गुन्हेकथालेखकांच्या संघटनेने शंभर उत्तम पुस्तकांत हिला पहिला क्रमांक दिला होता, पण धावपळीची गोष्ट आवडणाऱ्याला ती संथ वाटेल. शिवाय मी सांगितलेली बहुतेक पुस्तकं जुनी आहेत. नव्यांतलं सांगायला दुसरं कुणी भेटेल.

आणि कुणासाठी पुस्तक निवडत असाल तर थोर काय आहे ते बघू नका. त्या माणसाने शेवटचं कोणतं पुस्तक जेवणखाण विसरून वाचलं ते विचारा आणि त्याच्या शेजारचं द्या. मामांना मी इतिहासावरचं जड पुस्तक नेलं असतं तर ते आदराने ऐकून झोपी गेले असते.

२०१२ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात गाड्या उभ्या करायच्या जागेखाली एक सांगाडा सापडला. तो तिसऱ्या रिचर्डचाच असल्याचं डीएनए तपासणीनंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. इतक्या लवकर मामांचा फोन म्हणजे काहीतरी बरं-वाईट, असं वाटून मी धावत उचलला.

"अगं, नाटकांत दाखवतात तसं कुबड नव्हतं त्याला. हातही धड होते दोन्ही. कणा फक्त एका बाजूला वळलेला, त्याने उजवा खांदा जरा वर. कादंबरीत खांद्याबद्दल काय लिहिलंय, ते पान काढ बघू."

कादंबरीत, म्हणाले. मी पुस्तक आणलं, पान शोधलं आणि फोनवर वाचलं: व्यंग असं काही नाही, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, एवढंच. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मामा म्हणाले, "थांबलीस का? प्रकरण संपव."