पासिंगच्या आधी गाडीखाली एकदा वाकून बघा

प्रश्न : येत्या दिवाळीत माझ्या पेट्रोल गाडीला १५ वर्षं पूर्ण होतात. गाडी छान चालते. एजंट म्हणतो, ‘पासिंगचं माझ्यावर सोडा.’ आरटीओत नेमकं काय बघतात? घरी काय तपासून ठेवता येईल? (सातारा)

उत्तर : कागद सोडा एजंटवर, गाडी मात्र तुम्हीच बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. आरसीवरची मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत फॉर्म २५ भरता येतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत, पर्यावरण कर भरावा लागतो, थकलेली ई-चलनं आधीच निकालात काढा. कर्ज कधीच फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो, हे पुष्कळांना आरटीओच्या खिडकीपाशी कळतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवून घ्या.

आता गाडी. इन्स्पेक्टर आधी चासी नंबर आरसीशी ताडून बघतात. बॉनेटखालच्या मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली तो ठोकलेला असतो आणि १५ वर्षांत त्यावर गंज-चिखलाचा थर बसतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. एखादा आकडा पुसट झाला तर साध्या पासिंगचं मोठं प्रकरण होऊन बसतं. गाडीचा रंग बदलला असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. पुढचा लोखंडी गार्ड, म्युझिकल हॉर्न आणि काचांवरच्या काळ्या फिल्म काढूनच जा.

दिवे तपासताना घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा. अनेक गाड्यांत मागच्या बल्बच्या आत दोन तारा (फिलामेंट) असतात : ५ वॉटची टेललाइटची, २१ वॉटची ब्रेकची. टेललाइट लागते म्हणून बल्ब ठीक वाटतो, पण ब्रेक दाबल्यावर उजेड वाढला नाही तर २१ वॉटची तार गेलेली असते. एका बाजूचा इंडिकेटर घाईघाईने टिकटिकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब उडालेला असतो. हेडलाइटसाठी गाडी सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर लावा, उजेड वर-खाली करणारं लेव्हलिंगचं बटण शून्यावर ठेवा. डिपरवर उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ ते ७ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. काचा पिवळ्या पडल्या असतील तर पॉलिश करून घ्या.

हँडब्रेक साधारण ४ ते ७ खटक्यांत धरायला हवा. दहा खटके लागत असतील तर गॅरेजमध्ये केबल आवळून देतात, आणि इथेच चूक होते. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील तर आधी ड्रम उघडून लायनर (ड्रमला घासणारा थर) बघायचे, अडकलेला ॲडजस्टर साफ करून शू (लायनर बसवलेल्या कमानी) ड्रमच्या जवळ आणायचे, केबल शेवटी. नुसती केबल ताणली तर लायनर घासत राहतो, ड्रम तापतो आणि ॲव्हरेज पडतं. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते. टायरच्या खाचांत आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा झाला समजा.

प्रश्न : बीएस-४ पेट्रोल गाडी पीयूसीत नापास झाली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.७ टक्के आला. सेंटरवाल्याने टाकीत औषधाची बाटली ओतायला सांगितली. (नाशिक)

उत्तर : बाटलीचे पैसे एअर फिल्टरवर घाला. तुमच्या गाडीला सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं इंधन) २०० पीपीएम आहे. चिठ्ठीवर दोन्ही आकडे असतात, ते जोडीने वाचा. सीओ जास्त आणि एचसी बेताचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जातंय : फिल्टर चोंदलाय, ऑक्सिजन सेन्सर थकलाय, इंजेक्टर गळतोय, किंवा इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकल्याने इंजिन गरम होत नाही. या शेवटच्याकडे फारसं कुणी बघत नाही. अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा वर येत नसेल तर आधी तोच तपासा. एचसी जास्त असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, तिथे ठिणगी देणारे प्लग आणि कॉइल बघायचे. दोन्ही चढे असतील तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर संपलेला असू शकतो. पण आधी गाडी १५-२० मिनिटं रस्त्यावर पळवून पुन्हा चाचणी करा, कारण थंड कन्व्हर्टर काम करत नाही.

प्रश्न : आंबोली घाट उतरताना ब्रेक एकदम मऊ लागला, पेडल खोल गेलं. खाली थांबून तासाभराने पुन्हा पूर्ववत. मेकॅनिकला काहीच सापडलं नाही. (सावंतवाडी)

उत्तर : थंड गाडीत सापडणारही नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणच्या हवेत तर जास्तच. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच हद्द १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापतो, ऑइल उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं. गार झालं की वाफेचं पुन्हा ऑइल. पॅड तापूनही ब्रेक कमी लागतो, पण तेव्हा पेडल कडकच असतं.

ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच डॉट घ्या, डॉट ५ अजिबात नको, आणि जुनी उघडी बाटली वापरू नका. साधारण एक लिटर लागतं. ब्रेकच्या पाइपमधली हवा काढताना सहसा मास्टर सिलिंडरपासून (पेडलने चालणारा ब्रेकचा मुख्य पंप) लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. एबीएस असेल तर क्रम मॅन्युअलमधूनच घ्या. चाकाजवळच्या निपलमधून (हवा सोडायचा स्क्रू) नवं, स्वच्छ ऑइल यायला लागेपर्यंत थांबू नका, आणि मधेच ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते. टाकीतली पातळी हळूहळू उतरत असेल तर वरून भरण्याआधी पॅड बघा. पॅड झिजले की ऑइल कॅलिपरमध्ये उतरतं. नवीन ऑइल घातलं तरी घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचा.

प्रश्न : सीएनजी टाकी बाहेरून अगदी नवी दिसते. तरी हायड्रो-टेस्ट (पाण्याचा दाब देऊन होणारी टाकीची चाचणी) हवीच का? (पुणे)

उत्तर : हवीच, दर तीन वर्षांनी. टाकीत २०० बार दाब असतो आणि तिच्या पट्ट्यांखालचा गंज वरून दिसत नाही. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी सेंटरला विचारा, कारण टाकी उतरवावी लागते आणि ती परत येईपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवायची.