फेणीचं कॉकटेल पहिल्यांदा मागवताना

मित्रांबरोबर पणजीला निघालायस, तर आधी एक कर: दुपारी नीट जेव. रिकाम्या पोटी फेणी घेणाऱ्याची संध्याकाळ आठलाच संपते. माझी संपली होती, अगदी पहिल्याच फेरीत!

फेणी म्हणजे गोव्याची दारू, त्यात साधारण ४२ टक्के अल्कोहोल असतं. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केलं की उर्राक, पुन्हा केलं की फेणी. उर्राक सौम्य असतो आणि मार्च ते मे एवढाच मिळतो. तेव्हा जाणार असशील तर सुरुवात त्यानेच कर: लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, वर लिम्का. कुठल्याही झगमगीत मेनूपेक्षा मला हेच आवडतं.

फेणीचा वास पहिल्यांदा उग्र वाटेल. नाक मुरडू नकोस. तो वास लपवायला गोड सिरप ओतणारा बारटेंडर कच्चा समज. कोकम, आलं किंवा आंबट फळाने तो वास खुलवणारा खरा. सरळ विचार, 'फेणी काजूची की माडाची?' (नारळाच्या ताडीचीही फेणी होते.) उत्तरावरून माणूस कळतो.

खाणं सगळ्यांत वाटून घ्या, चौघांत पाच-सहा छोट्या डिशेस पुरतात. चोरीसपाव (मसालेदार गोवन सॉसेज घातलेला पाव) किंवा सुक्या सुंगटांची किसमूर (सुकी कोळंबी आणि खोबऱ्याची कोशिंबीर) नव्या रूपात दिसली तर सोडू नकोस. एक मात्र आहे: तिखट-खारट खाल्लं की ग्लास भराभर रिकामा होतो. मध्ये पाणी पीत जा. गाडी हॉटेलवरच ठेव, टॅक्सीचे पैसे आधीच बाजूला काढ.